कोरियाबाहेरचं कोरियन वेड : त्याचं दप्तर कुठे ठेवायचं?

रानजाई

पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे, अठरा वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात एम.ए.ची एक मुलगी प्रबंधाची संदर्भयादी तपासून घ्यायला आली. भारतातल्या मुलींनी कोरियन मालिका कुठून मिळवल्या, कशा पाहिल्या आणि त्यावर आपसांत काय बोलल्या, असा तिचा विषय. मी एकेक दुवा उघडत गेले. निम्म्याहून जास्त ठिकाणी पानच सापडेना. पोरगी रडवेली झाली. "मॅडम, मी हे सगळं खरंच वाचलं होतं हो." ते वाक्य डोक्यातून जात नाही. तिनं वाचलेलं होतं, पण दाखवायला काहीच उरलं नव्हतं.

म्हणून हा धागा. कोरियाची लोकप्रिय संस्कृती कोरियाबाहेर कशी पोचली आणि तिथल्या लोकांनी तिचं पुढे काय केलं, याचा एक डिजिटल संशोधन-संग्रह मला उभा करायचाय.

गाणी, चित्रपट आणि मालिका जपण्याची चिंता मला नाही. सोलमध्ये १९७४ पासून कोरियन फिल्म आर्काइव्ह आहे, वाहिन्यांकडे त्यांच्या मालिका आहेत, कंपन्यांकडे गाणी. मला हवी आहे ती पाहणाऱ्यांची बाजू. १९९७ मध्ये चीनच्या सीसीटीव्ही या सरकारी वाहिनीवर एक कोरियन कौटुंबिक मालिका लागली आणि तिथल्या घराघरांनी ती उचलून धरली. दोनेक वर्षांत चिनी वृत्तपत्रांनी या लाटेला नाव दिलं, त्याचाच कोरियन उच्चार 'हाल्ल्यू'. म्हणजे या गोष्टीचं बारसंही पाहणाऱ्यांच्या घरीच झालंय.

आणि त्यांचंच सगळं पुसलं जातंय. डिसेंबर २०२०मध्ये याहू ग्रुप्स हे चर्चागट बंद झाले. अमेरिकेत कोरियन मालिका दाखवणारी ड्रामाफीव्हर ही सेवा १६ ऑक्टोबर २०१८ला बंद झाली. यूट्यूबवर प्रेक्षकांनी स्वतः सबटायटल्स घालायची सोय होती, ती २८ सप्टेंबर २०२०ला काढून टाकली. व्ही लाइव्हवर कलाकार थेट बोलायचे आणि जगभरचे चाहते त्याखाली आपापल्या भाषेत सबटायटल्स लिहायचे. तेही ३१ डिसेंबर २०२२ला संपलं. कलाकारांचे बरेच व्हिडिओ दुसरीकडे हलवले गेले. त्यांच्याभोवतीचं लोकांचं बोलणं मात्र तसं हलवता येत नाही.

कुणाकडे काय आहे? कोण काय करू शकेल? मोकळेपणानं लिहा.

खारवा

ताई, तळमळ पोचली. तरी मनात आलं ते विचारतो. आपल्याकडच्या तमाशाच्या फडांची हँडबिलं रद्दीत गेली, गिरणगावातल्या नाट्यमंडळांच्या वह्या चाळी पडल्या तशा गाडल्या गेल्या. ते वाचवायला माणूस मिळत नाही आणि आपण कोरियाचं सांभाळायचं? त्यांचं सरकार यावर भरपूर खर्च करतं. त्यांनीच करावं की.

रानजाई

खारवादादा, गिरणगावाचं दुःख मलाही आहे. माझे आजोबा लालबागला होते.

कोरिया करतोच आहे. कोरिया फाउंडेशन २०१२पासून जगभरच्या चाहत्यांची आणि त्यांच्या मंडळांची मोजदाद छापतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात सप्टेंबर २०२२ ते जून २०२३ हाल्ल्यूवर मोठं प्रदर्शन झालं. ऑक्सफर्डच्या कोशात सप्टेंबर २०२१मध्ये एकदम २६ कोरियन शब्द घेतले. पण मोजदादीतून कुठे किती माणसं आहेत एवढंच कळतं. इंफाळच्या एखाद्या घरात रात्री नऊला टीव्हीसमोर कोण बसायचं आणि कोल्हापूरच्या मुलीनं 'ओप्पा' या कोरियन हाकेचं मराठी काय केलं, हे सोलमध्ये बसून कुणी गोळा करू शकणार नाही. ते आपल्याकडे घडलंय, आपल्या भाषांत घडलंय. त्या अर्थानं ते गिरणगावाइतकंच आपलं आहे, असं मी मनापासून मानते.

केळफूल

इंफाळचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. यजमान बँकेत होते. २००२ ते २००५ आम्ही इंफाळला होतो.

पार्श्वभूमी आधी सांगते, कारण ती नसेल तर पुढचं कळणार नाही. सप्टेंबर २०००मध्ये रिव्होल्युशनरी पीपल्स फ्रंट या भूमिगत संघटनेनं मणिपुरात हिंदी चित्रपटांवर आणि हिंदी वाहिन्यांवर बंदी घातली. थिएटरांत हिंदी चित्रपट लागेनात, केबलवाल्यांनी हिंदी वाहिन्या काढल्या. त्या रिकाम्या जागेत आरिरांग ही कोरियन वाहिनी आली. खाली इंग्रजी सबटायटल्स. मग म्यानमारच्या सीमेवरच्या मोरेहून डिस्क यायला लागल्या आणि इंफाळच्या पाओना बाजारात ढिगानं विकल्या जाऊ लागल्या. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. कोरियाच्या कुठल्याही योजनेत मणिपूर असेल असं मला वाटत नाही.

आमच्या घरमालकीणबाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांची थोरली मुलगी शेजारी बसून मैतेईत सांगत जायची. पडद्यावरची सून सासूसमोर मान खाली घालून बसली की बाई मला म्हणायच्या, "बघ, आमच्यासारखीच." जमिनीवर मांडी घालून जेवण, वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार, भात, आंबवलेल्या पदार्थांचा वास, आणि चेहरे. हिंदी सिनेमात आपल्यासारखा चेहरा त्यांना कधी दिसलाच नव्हता. त्या हे सहज बोलून गेल्या होत्या. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं की मी आयुष्यभर टीव्हीवर माझ्यासारखीच माणसं बघत आलेय आणि त्याचा कधी विचारही केला नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या मुलीनं घरातूनच डिस्कची लायब्ररी चालवली होती. एका लांब वहीत सगळं लिहिलेलं असायचं : डिस्कचा क्रमांक, मालिकेचं नाव तिला ऐकू येईल तसं, कुणी नेली, कधी परत केली, किती पैसे. कडेला शेरे. "शेवटची डिस्क अडकते." "आईला आवडली." वर्षभरात अर्धी गल्ली त्या वहीत होती. ती अजून माझ्या संपर्कात आहे. कालच फोन केला. वही आहे!

रानजाई

केळफूलताई, हे वाचून अंगावर काटा आला. अख्ख्या संग्रहाला पहिली वस्तू म्हणून याहून चांगलं काही मिळालं नसतं. मिझोरामबद्दलही कुणाला माहिती असेल तर लिहा. ऐझॉलच्या स्थानिक केबल वाहिन्यांनी कोरियन मालिका मिझोत डब करून दाखवल्या. ते आवाज देणारे कलाकार, त्यांच्या हातातले संवादांचे कागद, काही उरलं असेल का?

उगवतीकर

मी तोक्योजवळ राहतो, सोळा वर्षं झाली. इथली गोष्ट मणिपूरच्या अगदी उलट वाटेनं घडली. 'विंटर सोनाटा' कोरियात २००२मध्ये आली. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं ती २००३मध्ये उपग्रह वाहिनीवर दाखवली आणि मागणी इतकी वाढली की २००४मध्ये मुख्य वाहिनीवर आणली. वेडावल्या त्या कॉलेजच्या मुली नव्हत्या, चाळिशी-पन्नाशी-साठीच्या बायका होत्या. नायकाचं काम करणाऱ्या बे योंग-जून यांना त्या 'योन-सामा' म्हणत. 'सामा' हे फार आदराचं, जवळजवळ 'महाराज' म्हणावं तसं.

आमच्या शेजारच्या आजी त्यांतल्याच. मालिकेसाठी साठीत कोरियन लिपी शिकल्या, मैत्रिणींबरोबर कोरियात, जिथे मालिका चित्रित झाली त्या चुनचॉन आणि नामी बेटावर जाऊन आल्या. त्यांच्याकडे प्रवासाचे तीन अल्बम आहेत. तिकिटं, हॉटेलच्या पावत्या, दाबून वाळवलेली पानं, आणि प्रत्येक फोटोखाली चार ओळी. आजी आता ऐंशीच्या पुढे. इथे म्हातारं माणूस गेलं की घर रिकामं करणाऱ्या कंपनीला बोलावतात. दोन दिवसांत सगळं ट्रकमध्ये. म्हणून म्हणतो, जपानचं आधी घ्या. त्या पिढीतल्या ज्यांनी वेबपानं केली असतील त्यांचीही तीच गत, कारण अशी पानं ठेवायची इथली सेवा, जिओसिटीज, ३१ मार्च २०१९ला बंद झाली.

आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "एवढ्या साध्या गोष्टीचा कुणाला काय उपयोग?" मी दोन तास बसून समजावलं. स्कॅन करायला हो म्हणाल्यात.

ओवी

मी कोल्हापूरची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. २०१९पासून आमचा सात जणींचा गट हौसेनं मराठी सबटायटल्स करतो. मुलाखती, पडद्यामागचे व्हिडिओ वगैरे. पैसे कुणी घेत नाही. ताई, तुम्हाला सबटायटल्स तर देऊच, पण माझं म्हणणं आहे की त्याच्या मागची भांडणं घ्या.

सांगते. कोरियन गायकांच्या गटातला सगळ्यात लहान कलाकार म्हणजे 'मक्ने'. त्याला पहिल्याच दिवशी 'शेंडेफळ' शब्द मिळाला, इतका चपखल की आम्ही सगळ्या नाचलो. पण 'ओप्पा'नं तीन दिवस खाल्ले. मुलीनं मोठ्या भावाला हाक मारायचा शब्द. तोच ती प्रियकरालाही वापरते. 'दादा' लिहिलं तर प्रेमाच्या प्रसंगात कानाला चमत्कारिक लागतं, काहीच नाही लिहिलं तर जवळीक जाते. मुलगा मोठ्या भावाला म्हणतो तो शब्द वेगळा, 'ह्यौंग'. मराठीत बहीण असो की भाऊ, दोघांचाही 'दादा'च. म्हणजे बोलणारी मुलगी की मुलगा, हे कोरियनमध्ये शब्दातच असतं आणि आमच्या ओळीतून ते पडून जायचं. शेवटी 'ओप्पा' तसाच ठेवला आणि वर कंसात टीप घातली.

त्या तीन दिवसांत जे मेसेज झाले त्यात दोन भाषांची नाती कशी वेगळी आहेत हे आम्ही आपलं आपण शोधून काढलं. अंतिम सबटायटलमध्ये यातलं काही दिसत नाही. एका फाइलच्या आमच्याकडे अकरा आवृत्त्या आहेत. सगळ्या देऊ का?

रानजाई

सगळ्या. अकराच्या अकरा. प्रत्येकीवर तारीख आणि कुणी बदल केला ते टोपणनावानं. फाइलींची नावं बदलू नकोस. 'फायनल', 'फायनल२', 'खरंचफायनल' असली तरी तशीच राहू देत, काम कसं झालं ते त्यातूनच कळतं.

दवबिंदू

तांत्रिक बाजू मी घेतो. पोटापाण्याचा धंदा सर्व्हर सांभाळण्याचा आहे.

पहिलं डिस्कबद्दल, कारण त्यांना वेळ कमी आहे. घरी बर्न केलेल्या सीडीचा रंगाचा थर उन्हानं आणि दमटपणानं खराब होतो, आणि इंफाळ काय, कोकण काय, दमट ते दमट. व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओची सीडी, असेल तर आतली फाइल नुसती ओढून कॉपी करू नका. व्हीसीडीवर व्हिडिओ वेगळ्या प्रकारच्या सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांत, लिहिलेला असतो, त्यामुळे डिस्कची साधी आयएसओ प्रत बिघडलेली निघते. बिन आणि क्यू अशी जोडफाइल काढा, म्हणजे डिस्क जशीच्या तशी उतरते. साध्या डेटा-सीडीवर ओरखडे असतील तर डीडीरेस्क्यू या साधनानं पुन्हा पुन्हा वाचून बघता येतं. डिस्कचं कव्हर, हातानं लिहिलेलं लेबल आणि भाड्याचा शिक्का यांचेही फोटो घ्या. पुढेमागे चित्रपट कुठूनही मिळेल, तो शिक्का दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

वेबपानांचं. स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नव्हे. पान वॉर्क या वेबपानं जतन करायच्या स्वरूपात पकडायचं. त्यात पानाबरोबर सर्व्हरनं काय उत्तर दिलं, कोणत्या क्षणी दिलं, हेही साठतं. आर्काइव्हवेब.पेज हे ब्राउझरमध्ये बसणारं साधन फुकट आहे, ओवीसारखी मुलगी तासाभरात शिकेल.

आणि लिपीसंकेत, म्हणजे यंत्र अक्षरं ज्या आकड्यांत साठवतं ते! इथे चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल : आपली जुनी मराठी संकेतस्थळं शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फाँटांत होती. फाँट गेला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा. कोरियन जुनी पानं ईयूसी-केआर नावाच्या संकेतात आहेत, तिथली जुनी सबटायटल्स बरेचदा एसएमआय फाइलींत. आजच्या यंत्रावर उघडली की चौकोन आणि प्रश्नचिन्हं. अशी फाइल हातात आली की ती दुरुस्त करून जतन करायचा मोह होतो. मूळ फाइल हात न लावता ठेवायची, शेजारी युनिकोडमधली प्रत, आणि रूपांतर कसं केलं त्याची नोंद. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, काढायचा, म्हणजे दहा वर्षांनी एक बिट जरी बदलला तरी कळेल. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. दुसऱ्या गावाची प्रत मी नाशिकला ठेवतो.

अनुबंध

मी वकिली करते. उत्साहावर पाणी टाकायचं नाही, पण हे आधी वाचा.

मालिकेचा भाग, गाण्याचा व्हिडिओ सगळ्यांसाठी संकेतस्थळावर टाकायचा नाही. भारतीय प्रताधिकार कायदा १९५७च्या कलम ५२मध्ये संशोधनासह खाजगी वापराला, टीकेला आणि परीक्षणाला सूट आहे. २०१२च्या दुरुस्तीनं विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला, त्याच्याकडे डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असेल तर, जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याचीही मुभा दिली. पण ठेवणं आणि जगाला वाटणं यांत फरक आहे. भाषांतराचा हक्क मूळ मालकाचा असतो, त्यामुळे ओवीची सबटायटल्ससुद्धा उघड्यावर नकोत. संशोधकाला अर्ज केल्यावर, ग्रंथालयात बसून बघता येतील असं करा. वर्णनाच्या नोंदी मात्र खुशाल खुल्या ठेवा.

याहून मोठी काळजी माणसांची. गटातल्या सातही जणींची लेखी संमती लागेल, एकटी ओवी देऊ शकत नाही. कुणी अजून अठराच्या आतली असेल तर डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ पालकांची संमती मागतो. आणि दिलेली संमती परत घ्यायचा मार्ग ठेवा.

केळफूल

अनुबंध, तुमचं वाचून मी वहीबद्दल पुन्हा विचार केला. त्यात गल्लीतली खरी नावं आहेत, घरांच्या खुणा आहेत. ३ मे २०२३नंतर मणिपुरात समाजासमाजांत जी हिंसा झाली ती सगळ्यांना ठाऊक आहे. कोण कुठल्या समाजाचं आणि कुठे राहत होतं, हे वीस वर्षांपूर्वीच्या भाड्याच्या वहीतूनही काढता येईल. पाओना बाजारातून आणलेल्या डिस्क सगळ्या गल्लीनं मिळून पाहिल्या होत्या. आज त्यांतली दोन घरं तिथे नाहीत, एवढंच ती फोनवर म्हणाली. मी पुढे विचारलं नाही.

वही द्यायला ती तयार आहे. नावं दिसू नयेत, एवढी तिची अट आहे.

रानजाई

तिची अट तीच आपली अट. मूळ स्कॅन कुलूपबंद राहील, नेटला न जोडलेल्या डिस्कवर. संशोधकांना दाखवायच्या प्रतीत नावांच्या आणि पत्त्यांच्या जागी क्रमांक. 'वाचक १', 'वाचक २' असे. म्हणजे एकाच बाईनं किती मालिका नेल्या ते कळेल, बाई कोण ते कळणार नाही.

खारवा

मी आधी विरोधात लिहिलं होतं. काल आईला सहज विचारलं. रत्नागिरीला आमच्याकडे केबल नव्हती, फक्त दूरदर्शन. आई म्हणाली, "ती रे, राजवाड्यातली सैपाकीण पोरगी, मागाहून वैद्य झालेली. 'घर का चिराग'. मी एक दिवस चुकवला नाय." मला वाटायचं आईनं कधी कोरियन काही पाहिलंच नाही. तिलाही ती कोरियाची होती हे ठाऊक नव्हतं, हिंदी बोलायचे म्हणून परक्या देशातली हिंदी मालिका समजायची. पंचावन्न मिनिटं बोलली. मी फोनवर रेकॉर्ड केलंय, तिला विचारून. घेणार का?

रानजाई

दादा, आईंना माझा नमस्कार सांगा. नक्की घेणार.

तुमच्या आईंमुळे नोंदींचा सगळ्यात अवघड प्रश्न समोर आला : नाव. ती मालिका कोरियात 'दे जांग गम', २००३-०४ची. इंग्रजीत 'ज्युवेल इन द पॅलेस'. दूरदर्शनवर 'घर का चिराग'. इराणच्या दूरचित्रवाणीवर लागली तेव्हा लोकांनी तिला नायिकेच्या नावानं 'यांगूम' केलं. इंफाळच्या वहीत आणखी कसं लिहिलं असेल कोण जाणे. संशोधक यांतलं एक नाव शोधेल आणि बाकी सगळं त्याच्या हातून निसटेल. म्हणून प्रत्येक कृतीची एकच मुख्य नोंद, तिला एक कायमचा क्रमांक, आणि खाली लोकांनी घेतलेली सगळी नावं, कुठे आणि साधारण केव्हा वापरली त्यासकट. चुकीची म्हणून कुठलंच नाव गाळायचं नाही.

माणसांच्या नावांत तर फार गुंता. आपण 'ली' लिहितो ते आडनाव दक्षिण कोरियात नुसतं 'ई' उच्चारतात. 'पार्क'मध्ये मुळात 'र' नाहीच. खुद्द 'हाल्ल्यू' लिहिताना 'हान' आणि 'र्यू' असं लिहितात, 'न' आणि 'र' शेजारी आले की दोन्हींचा 'ल्ल' होतो. रोमन लिपीतही १९३९ची एक पद्धत आणि २०००ची सरकारी पद्धत, दोन्ही वापरात. आपल्या नोंदीत चार रकाने असतील : कोरियन लिपी, २०००ची रोमन पद्धत, उच्चाराला जवळचं देवनागरी, आणि लोकांत रुळलेलं देवनागरी. शेवटचे दोन एक करायचा आग्रह कुणी धरू नका, कृपा करून. 'ली' असं लिहिणाऱ्या मुलीनं ते नाव इंग्रजीतून घेतलं, हीदेखील माहितीच आहे.

ओवी

ताई, चार रकान्यांची यादी मी करायला घेते. सुट्टीत रोज वीस नावं. गटातल्या सहा जणींनी संमती दिली. सातवी म्हणते तिचे मेसेज नकोत.

रानजाई

मग तिचे घ्यायचे नाहीत. तिच्या जागी '[संमती नाही]' एवढंच येईल, म्हणजे संवादात मध्ये कुणीतरी बोललं होतं हे समजेल.

केळफूल

वहीचे स्कॅन आले. एकशे बारा पानं, मधली काही वाळवीनं खाल्लेली. पहिल्या पानावर तिनं मैतेईत "उशीर केल्यास दोन रुपये" असं लिहिलंय. नावं झाकलेली प्रत तिनं स्वतःच तयार केली, मुलाला शेजारी बसवून. दवबिंदूंना दोन्ही संच पाठवलेत.

दवबिंदू

पोचले. ठसे काढले, नाशिकची प्रत झाली. केळफूलताई, झाकलेल्या संचात पान ४१वर खालच्या कोपऱ्यात एक नाव राहिलंय, शेऱ्याच्या ओळीत. ते पान बाजूला काढून ठेवलंय. तिच्याकडून नवीन आलं की मगच पुढे.